सापडंना, काढू का?

अप्पा, तुमचं फोटोंचं झाड आता उघडतं. लॅपटॉपवर ठेवा, पेनड्राइव्हवर ठेवा, मुळाच्या फोल्डरला कोणतंही नाव द्या, ते उघडतं. काल सकाळी मी ते चार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून तपासलं. एकदाही लाल फुली आली नाही. तुम्ही दोन दिवसांत करतो म्हणाला होता, ते मला एकवीस दिवसांत जमलं. तुम्ही गेल्याला आज सदतीस दिवस झाले.

उघडतं, पण त्यात तुमची बहुतेक माणसं नाहीत. ती माझ्या हातून गेली. हे ज्यांना सांगायला हवं ते तुम्ही आहात, आणि तुम्हाला गाठायला माझ्याकडं अंकातली ही जागा सोडून दुसरी जागा नाही.

तुमचं जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं यातलं काही इथं देत नाही. ते आतल्या पानावर चार ओळींत येऊन गेलं. त्या ओळी मीच लिहिल्या आणि त्यात तुमचा उल्लेख 'जाहिरात विभागातील ज्येष्ठ कर्मचारी' असा केला. त्यात चूक काही नाही. पण तुम्ही काय करत होता, तेही त्यात कुठं नाही.

आमच्या दैनिकाच्या धाराशिवच्या कार्यालयात मागच्या खोलीत तुम्ही पुण्यस्मरणाच्या जाहिराती लावत होता. लोक एसटीनं यायचे, पिशवीतून घडी केलेला कागद काढायचे आणि त्यातून फोटो. कधी लग्नाच्या घोळक्यातून कापलेला, कधी मतदान ओळखपत्रावरून सोडवलेला. खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहिलेला असे. जाहिरातीत तुम्ही तो हात पुसायचा, पण मूळ फोटो हातासकट जपून ठेवायचा. "फोटो काढताना हुता ना त्यो हात? मग आसू द्या," असं तुमचं म्हणणं.

खाली 'शोकाकुल' म्हणून यायच्या नावांवरून घरची माणसं तुमच्या टेबलासमोर भांडत. एकदा दोन चुलत भाऊ अर्धा तास हटेनात. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "नावं मावंनात. एकानं औंदा शोक करा, एकानं फुडच्या साली." दोघंही हसले. मी पलीकडच्या टेबलावर नगरपालिकेच्या सभेची बातमी लिहीत होते. मीही हसले आणि पुन्हा बातमीत डोकं घातलं. तुमच्या खोलीत चाललेलं काम मला तेव्हा कामच वाटत नव्हतं.

फोटो परत न्यायला बरेच लोक विसरायचे. ते तुम्ही पाकिटात घालून कपाटात ठेवायचा. मग स्कॅन करायला लागलात. मग, वयाच्या पन्नाशीनंतर, पुस्तकं आणून स्वतःच प्रोग्राम लिहिलात. डाव्या बाजूला झाड: जिल्हा, त्यातून तालुके, तालुक्यातून गावं, गावातून आडनावं आणि टोकाला माणूस. नावावर बोट दाबलं की उजवीकडं चेहरा. संगणक अडला की तुम्ही त्याच्याशी तुमच्या आईच्या कानडीत बोलायचा. "बा, बा," म्हणजे ये, ये. दारातल्या लहान लेकराला बोलवावं तसं.

ज्यांच्या घरातला फोटो पुरात, गळतीत, वाटणीत गेला, ती माणसं तुमच्याकडं येऊन तो पुन्हा घेऊन जायची. एकदा तुम्ही मला म्हणालात, "ताई, ह्याच्यावर दोन ओळी छापता का? लोकांना कळंल, येतील."

"यात बातमी काय आहे, अप्पा?" मी विचारलं होतं.

तुम्ही मान डोलावलीत आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत. आज यात बातमी आहे.

स्कॅनरला मराठी नावं चालत नव्हती, म्हणून फोटोच्या फाइलला तुम्ही नुसते क्रमांक दिले. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त झाडाच्या यादीत होतं. प्रत्येक माणसाची एक ओळ: नाव, गाव आणि फोटो कुठं ठेवला आहे तो पाथ. पाथला तुम्ही पत्ता म्हणायचा. हा पत्ता तुम्ही पूर्ण लिहायचा, ड्राइव्हच्या अक्षरापासून, मुळाच्या फोल्डरपासून, एकही पायरी न गाळता. आपलं भांडण तिथंच होतं. मी म्हणत होते, पत्ता झाड जिथं आहे तिथून मोजा, म्हणजे सगळं उचलून दुसरीकडं नेलं तरी बिघडणार नाही.

"तुमच्या बातमीला वर गावाचं नाव लागतं का न्हाय?" तुम्ही विचारलंत.

"लागतं."

"मग माझ्या फोटोलाबी लागंल की. अर्ध्या पत्त्यावर पत्र जातं व्हय?"

"पण घरच उचलून दुसरीकडं नेलं तर?"

"घर कशाला उचलतंय कुणी?"

"अप्पा, संगणक बदलतात. डिस्क बदलते."

"मग बदलताना मला इचारा."

मुळाच्या फोल्डरचं नाव 'उस्मानाबाद' होतं. जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर बदललं, तेव्हा आम्हाला वरून सूचना आली आणि आम्ही त्या दिवसापासून नवं नाव लिहू लागलो. तुम्हीही जाहिरातीत नवं नाव लावू लागलात. झाडाला मात्र हात लावला नाहीत. मी विचारलं, तर म्हणालात, "ह्या लोकांच्या जाहिरातीत त्या दिवशी जे छापलं ते ऱ्हाऊ द्या. नवं नाव जित्यांनी लिव्हावं. गेलेल्यांचं पत्तं कशाला हलवता?" मी म्हटलं, हा भावनेचा प्रश्न नाही, प्रोग्रामचा आहे, मुळाच्या नावावर सगळं झाड अवलंबून असणं हा दोष आहे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोन दिवस द्या, ताई. करतो." ते दोन दिवस तुम्हाला मिळाले नाहीत.

तुमच्या मातीनंतर अकराव्या दिवशी काकूंनी मला घरी बोलावलं. तुमचा संगणक पुसून, चादरीत गुंडाळून ठेवला होता. "ह्यांचा जीव ह्यात हुता. तुमीच न्या," म्हणाल्या. त्याची डिस्क टकटक वाजत होती, म्हणून मी आधी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. त्याला जवळपास पूर्ण दिवस गेला. इथवर मी केलेलं सगळं बरोबर होतं.

मग मी मुळाच्या फोल्डरचं नाव बदलून 'धाराशिव' केलं. विचार करून केलं, असं म्हणता येणार नाही. मजकुरात जुनं नाव दिसलं की माझा हात ते दुरुस्त करतो. रोज कितीतरी वेळा करतो. त्या दिवशी मजकूर नव्हता, एवढंच.

झाड उघडलं. प्रत्येक नावापुढं लाल फुली. सगळे तालुके, सगळी गावं, सगळी माणसं. मध्ये एक चौकट आली. त्यात तुमच्याच बोलीत लिहिलं होतं: 'सापडंना. काढू का?' खाली दोन बटणं, 'व्हय' आणि 'न्हाय'. मला वाटलं, फुल्या काढू का असं विचारतंय. मी 'व्हय' दाबलं. त्यानं ओळी काढल्या. ज्या ओळीचा फोटो पत्त्यावर सापडला नाही ती प्रत्येक ओळ, म्हणजे सगळ्या. आणि रिकामी यादी जपून ठेवली.

त्यानंतर मी झाड बंद करून पुन्हा उघडलं, नावं परत येतात का पाहायला. तुम्ही यादीची एक जादा प्रत ठेवायची सोय केली होती, हे मला माहीत नव्हतं. झाड उघडलं की ती प्रत नव्यानं लिहिली जाते, हेही माहीत नव्हतं. मी दुसऱ्यांदा उघडेपर्यंत त्या प्रतीत सगळी माणसं शाबूत होती. उघडल्यावर त्या जागी रिकामी यादी आली. पहिली चूक निस्तरता आली असती. दुसरीनं तो रस्ता बंद केला.

तुमचा जुना संगणक पुन्हा चालू झाला नाही. इथल्या दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाशी धरली आणि खाली ठेवली. सोलापूरच्या एकानं आठ दिवस ठेवून परत पाठवली. जुन्या अंकांतून जाहिराती शोधून चेहरे जुळवावेत म्हटलं, तर कार्यालय हलवलं तेव्हा जुने गठ्ठे रद्दीत गेले होते. अलीकडच्या काही वर्षांचे अंक आहेत, त्यातून थोडे जुळतील. पण कितीतरी फोटोंची जाहिरात कधी झालीच नव्हती. लोक फक्त ठेवायला देऊन गेले होते, तुमच्याकडं.

बारा हजारांवर फोटो माझ्याकडं आहेत. एकही खराब झालेला नाही. कोणाचा कोणता, ते सांगणारं कोणी नाही.

मी झाड दुरुस्त करायला बसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. दुपारच्या रिकाम्या वेळात तुम्ही मला तुमच्या प्रोग्रामच्या ओळी वाचायला शिकवलं होतं, तेवढ्याच भांडवलावर. तेव्हा मी चहा येईपर्यंतचा वेळ घालवत होते. तुम्ही शिकवत होता. याचे आभार मी कधी मानले नाहीत. पत्ता वाचायची ओळ कुठली, तो तोडायची कुठली, पत्त्यातल्या तिरक्या रेघा उलट्यासुलट्या आल्या तर काय करायचं, सगळं तुमच्याच हातानं जागोजाग लिहून ठेवलेलं होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी. एका ठिकाणी असं: 'ताई म्हणतात ते बरोबर. पत्ता झाडापासून मोजावा. त्यांना सांगायचं.' त्याखाली सहा ओळी, अर्धवट. मी तिथूनच पुढं लिहिलं.

त्या चौकटीच्या प्रश्नाजवळही तुमची नोंद होती. 'हे धोक्याचं हाय. नुसतं काढू का इचारू नये. कुणाला काढताय ते नाव दावून इचारावं, एकेक.' त्याखाली काही नव्हतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नव्हता. अप्पा, त्या दिवशी झाडानं मला एक जरी नाव दाखवून विचारलं असतं, तरी मी थांबले असते.

तुम्ही गेल्यावर विसाव्या दिवशी तेर गावच्या सुभद्राबाई आल्या. मी त्यांना ओळखत नव्हते, पण तुमच्याकडं दर वर्षी एकदा येणारी हिरव्या लुगड्यातली बाई म्हणून पाहिलं होतं. तुमची खुर्ची रिकामी पाहून त्या दारातच थांबल्या.

"अप्पा कुठं हायत?"

मी सांगितलं. त्या खाली फरशीवरच बसल्या. म्हणाल्या, "सांगितलं न्हाय कुणी." मग, "मग आमच्या दत्ताचा फोटो?"

दत्ता त्यांचा एकुलता एक मुलगा. कॉलेजात असताना गेला. ओळखपत्रावरचा एकच फोटो होता. चौकटीत लावला तो ओल लागून काचेला चिकटला. आता त्यात सदरा दिसतो, चेहरा नाही. तुम्ही मात्र त्याआधीच स्कॅन करून ठेवला होता. दर वर्षी त्याच्या तिथीच्या आधी त्या यायच्या आणि तुम्ही नवा छापून द्यायचा, कारण आपल्या छपाईचा रंग वर्षभरात उडतो. जुना फोटो त्या देवाच्या जुन्या तसबिरीसारखा तेरणा नदीत सोडायच्या. हे सगळं मला त्या दिवशी कळलं.

"मागच्या वर्षीचा आहे ना तुमच्याकडं?" मी विचारलं.

"सोडला की."

"कधी?"

"आज सकाळीच. सोडून मग एसटीत बसले. दरसाली तसंच करते."

मी काय झालं ते सगळं सांगितलं. बटणापर्यंत. त्या मला एका शब्दानं रागावल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "फोटो हायत म्हणता न्हवं? नुसती नावं गेली?"

"हो."

"मग दावा. म्या वळखते माझं लेकरू."

क्रमांकावरून वर्ष ओळखता आलं असतं, तर काम सोपं होतं. पण नवा स्कॅनर आला तेव्हा तुम्ही कपाटातली पाकिटं हाताला येतील तशी पुन्हा स्कॅन केली होती. म्हणून एकपासून सुरुवात केली. सकाळी मी प्रोग्रामच्या ओळी दुरुस्त करायची. साडेअकरापर्यंत त्यांची एसटी यायची. ढोकीजवळ उसाचे ट्रॅक्टर आडवे आले तर बारा. मग त्या तुमच्या खुर्चीत बसायच्या आणि मी बटण दाबत जायची. रविवार सोडून रोज. दिवसाला आठशेच्या आसपास चेहरे.

मधूनच त्या बोट उचलायच्या. "थांबा. ह्यो आमच्या गल्लीचा बाबूराव. जिता असताना कदी हसला न्हाय. अप्पानं हसवला का काय." मी वहीत लिहून घ्यायची. एका बाईच्या फोटोवर त्यांनी तोंड वाकडं केलं. "हिनं माझी तांब्याची घागर नेली ती आणून दिली न्हाय." मी विचारलं, नाव लिहू का. "लिव्हा की. ती बी कुणाची तरी आईच हुती." अशी दोनशे अकरा नावं झाली, सगळी तेर आणि आसपासची. मधल्या काळात एकदा काकू आल्या आणि तुमचा फोटो देऊन गेल्या. "ह्यांना पण त्यात बसवा. त्येंच्या माणसांत." त्यांना मी काही सांगू शकले नाही. हे छापून आल्यावर त्या वाचतील.

काल दुरुस्त झाडात पहिली ओळ तुमची भरली. मग सुभद्राबाईंनी सांगितलेली नावं. मुळाच्या फोल्डरचं नाव मी परत जुनं केलं आहे. आता नावानं फरक पडत नाही, तरी केलं. ज्यांनी कधी अप्पांकडं आपल्या माणसाचा फोटो दिला असेल, त्यांनी यावं आणि ओळखावं, एवढी विनंती इथंच करते. चेहरे सगळे आहेत.

काल दुपारी साडेतीनला शेवटचा क्रमांक आला. कोण्या म्हाताऱ्याचा होता, फेटा बांधलेला. सुभद्राबाई त्याच्याकडं पाहत बसून राहिल्या.

"संपले?"

"संपले."

त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"ताई, त्यो येऊन गेला असंल का?"

मला कळलं नाही. मी विचारलं, म्हणजे काय.

"म्या बघितला असंल, अन् वळखला नसंल." त्या माझ्याकडं न पाहता बोलत होत्या. "दरसाली अप्पा नवा फोटो द्यायचे, म्या भिंतीला लावायची, बघायची. आता भिंतीवर काय न्हाय. ह्या पंधरा-सतरा दिसांत इतकी तोंडं बघितली, आता डोळं मिटलं की त्येंचीच येत्यात. त्याचं येईना."

शक्यता तीन आहेत. तो फोटो लॅपटॉपवर उतरवून घेताना राहिला असेल. मी बटण घाईनं दाबलं असेल. किंवा त्या म्हणतात ते खरं असेल. बातमीत मी तिन्ही लिहिल्या असत्या, प्रत्येकीला एक ओळ. त्यांच्यासमोर मला एकही बोलता आली नाही. तिथी चार दिवसांवर आहे.

"परत पयल्यापासनं लावा," त्या उठताना म्हणाल्या. "जरा सावकाश."

आज त्या रोजच्यापेक्षा आधीच्या गाडीनं आल्या. मी क्रमांक एक लावला. पांढरा सदरा घातलेला एक मुलगा, बारीक मिशी, कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला बघणारा. सतरा दिवसांपूर्वी याच फोटोवर त्यांनी लगेच मान हलवली होती आणि मी पुढं गेले होते.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"न्हाय," म्हणाल्या. मी बोट बटणावर नेलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "फुडं जाऊ नका आजून."